पहिली चाल देवळाची

मंगळवारी सकाळी आमच्या स्वयंपाकघराचं राज्य झालं आणि ते माझ्या हाती देण्यात आलं. पूजा आटोपून मी चहाचं आधण ठेवलं होतं. खाली पाहिलं तर ओट्यासमोरच्या चार फरशांवर करंगळीएवढी तीस माणसं उभी होती, बायकापुरुष मिळून, गाठोडी घेऊन. चौथ्या फरशीच्या पलीकडे, फ्रिजच्या बाजूला, काहीच नव्हतं. अंधार म्हणावा तर तोही नव्हता. तिथलं अजून कुणी पाहिलं नव्हतं, एवढंच.

डब्यांच्या मांडणीमागून एक लिहिणारा आला. तो मात्र पूर्ण उंचीचा होता, बंद गळ्याच्या कोटातला. त्याने पाट ओढून घेतला आणि मांडीवर वही उघडली.

"रोज सकाळी एक चाल," तो म्हणाला. "पहिल्या दहा चाली तुमच्या. पुढे राज्य आपलं आपण चालतं. या दहांत जे वाकडं पडेल, ते नंतर सरळ होत नाही."

"काय काय घेता येतं?"

"कोठार, तटाचा कोट, विहीर, रस्ता, देऊळ."

"देऊळ लिहा."

त्याने पेन्सिल टेकवली नाही. "बहुतेक जण कोठार घेतात."

"नव्या जागेत आधी देवापुढे दिवा लागतो," मी म्हणाले. "मग चूल."

त्याने लिहिलं. पहिल्या फरशीवर काड्यापेटीएवढं देऊळ उभं राहिलं. माणसं गाठोडी खाली ठेवून रांगेने आत जाऊन आली.

"आता टेहळणी," लिहिणारा म्हणाला. "ही चाल नाही, नियम आहे. पलीकडे काय आहे ते बघायला घरातलं एक माणूस पाठवायचं."

घरात आम्ही दोघंच. हे पेपर वाचत होते. त्यांनी चष्मा काढून न पाहिलेल्या बाजूकडे बघितलं आणि परत घातला.

"जाऊन येतो की," हे म्हणाले. "येताना दुधाची पिशवी आणतो. एक की दोन?"

"एक पुरे."

"शिदोरी किती देणार?" लिहिणाऱ्याने मला विचारलं.

कोठार नव्हतं. डब्यात कालच्या दोन दशम्या होत्या, त्या मी फडक्यात बांधून दिल्या. यांनी चपला घातल्या आणि पाचव्या फरशीवर पाय ठेवला. तिथे ते माझ्या खांद्याएवढे झाले. सहावीवर स्टुलाएवढे, सातवीवर लाटण्याएवढे. आठवीवरून त्यांनी मागे वळून हात केला. नववीवर ते दिसले नाहीत.

"दहाव्या दिवशी देवापुढचा दिवा शांत होईपर्यंत परतले तर परतले," लिहिणारा म्हणाला. "नाहीतर ते प्रदेशात जमा होतात."

"म्हणजे?"

"टेकडी होते."

"मग त्यांना आत्ताच माघारी बोलवा."

"त्याला चाल लागत नाही. ज्याने पाठवलं त्याने नाव घेऊन हाक मारायची. कितीही लांब असले तरी ऐकू जातं."

लग्नानंतरच्या पहिल्या मंगळागौरीला मी नेम धरला होता की यांचं नाव तोंडाने घ्यायचं नाही. नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य उणावतं, असं आमच्याकडे म्हणत. त्याला एकतीस वर्षं झाली. उखाण्यातसुद्धा मी 'आमची स्वारी' एवढंच म्हणते. यांची स्कूटर घसरली होती तेव्हा दवाखान्यात मी नाव कागदावर लिहून दिलं होतं, आणि सहाव्या दिवशी हे स्वतःच्या पायांनी घरी आले होते.

"लिहून दिलं तर?"

"कागद ऐकू जात नाही," लिहिणारा म्हणाला.

मी फ्रिजकडे तोंड केलं आणि हाक मारली, "अहो."

चार फरशांवरच्या सगळ्या पुरुषांनी माना वर करून माझ्याकडे बघितलं. पलीकडून कुणी आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "देवळाचा दिवा किती लांबून दिसतो?"

"दोन फरशांवरून."

"दीपमाळ बांधली तर?"

"प्रत्येक थराला आणखी एक फरशी. थराला एक चाल." त्याने वहीत पाहिलं. "ते आज बारावीवर आहेत. तुमचा उजेड चौथीपर्यंत जाईल."

"बांधा."

तिसऱ्या दिवशी सकाळी दुसरा थर चढला आणि उजेड पाचवीवर गेला. हे तेरावीवर गेले होते. जेवढी नवी जागा ते बघत पुढे जात होते, तेवढं घर लांबत होतं. ओट्यापासून फ्रिजच्या कोपऱ्यापर्यंत नजर पोचत नव्हती.

त्याच सकाळी समोरच्या ब्लॉकमधून मंजिरी आली. मंजिरी म्हणजे माझी धाकटी जाऊ. तिच्याही स्वयंपाकघराचं मंगळवारीच राज्य झालं होतं.

"ताई, विरजण आहे का? माझ्याकडे दूध झालंय घागरभर, आणि लावायला चमचाभर दही नाही." मग तिने खाली बघितलं आणि कपाळावर हात मारला. "अगं बाई! पहिल्या चालीला देऊळ?"

"हो."

"देव उपाशी मरत नाही हो, माणसं मरतात. मी कोठार घेतलं, मग परत कोठार, आज कोट. सुरुवातीला पोट आणि पाठ सांभाळायची. घंटा काय, नंतर बांधता येते."

"टेहळणीला गिरीशभावोजी गेले?"

"छे! सासूबाईंचा फोटो पाठवला. घरातलं माणूस म्हणाले, जिवंत म्हणाले नाहीत." ती माझ्या चेहऱ्याकडे बघून थांबली. "तुम्ही भावोजींना पाठवलंत?"

"बोलवायचं तर नाव घ्यावं लागतं."

"मग घ्या! मी आमच्या गिऱ्याचं दिवसातून वीस वेळा घेते, तेही ओरडून. घोड्यासारखा आहे."

"तुझं तसं चालतं. मी नेम धरलाय."

"हळूच घ्या ना. कानात सांगितल्यासारखं. देव काय वही घेऊन बसलाय?"

आम्ही दोघींनी लिहिणाऱ्याकडे बघितलं. त्याने डोळे वहीत घातले.

मी तिला वाटीत विरजण दिलं. दारात ती म्हणाली, "ताई, उद्या तरी कोठार घ्या. माझं ऐका."

मी तिसरा थर घेतला. मग चौथा. मी एक फरशी उजेड वाढवायची आणि हे एक फरशी पुढे जायचे. मध्ये आठ फरशा राहायच्या त्या राहायच्याच. मी लिहिणाऱ्याला विचारलं, हे थांबत का नाहीत. "पलीकडे काय आहे ते बघायला सांगितलंय," तो म्हणाला. "पलीकडे अजून आहे." यांचा स्वभाव मला माहीत आहे. सांगितलेलं काम हे अर्धं टाकत नाहीत.

मी एकवेळ जेवते. त्या ताटातला भात मी तीस जणांना शिताशिताने वाटत होते. सहाव्या दिवशी त्यांच्यातली एक बाई गाठोडं डोक्यावर घेऊन पुढे आली.

"बाईसाहेब, उजेड लख्ख झाला. खायचं काय?"

"मालक आले की कोठारच."

"बरं. ते येईस्तोवर आम्ही समोरच्या बाईसाहेबांकडे जाऊन बसतो." ती संकोचली. "तुमच्या देवाचं काही वाईट नाही. आमचंच पोट वाईट."

ती गेली, तिच्या मागून चौदा जण गेले. सातव्या दिवशी उरलेले गेले. जाताना प्रत्येकाने देवळाला नमस्कार केला. शेवटच्या माणसाने दार लोटून घेतलं, वाऱ्याने दिवा जाऊ नये म्हणून.

आठव्या दिवशी मंजिरीचा कोट आमच्या उंबऱ्याखालून आत आला. काळ्या दगडांचा, चांगल्या बांधणीचा. तो चौथ्या फरशीवरून सरकत आला आणि दुसरीच्या कडेला थांबला. मला आता एकच फरशी उरली होती, आणि पलीकडे फक्त दीपमाळेच्या उजेडाची वाट. त्या दिवशी मी इतकी लहान झाले होते की काड्यापेटीएवढ्या देवळाच्या दारातून न वाकता आत गेले.

कोटामागून मंजिरीचा आवाज आला. "ताई, राग मानू नका. हद्द आपोआप वाढते, मी काही करत नाही. इकडे या. तुमच्यासाठी चुलीजवळ जागा ठेवलीय."

"दिवा लावायचाय."

"इकडे येऊन लावा."

"हे इकडे बघत येतील."

मंजिरी म्हणाली, "दही छान लागलं हो," आणि तिच्या पावलांचा आवाज लांब गेला.

नवव्या दिवशी आठवा थर चढला. उजेड अकरावीवर पोचला. हे एकोणिसावीवर होते. दीपमाळेतलं तेल संध्याकाळपर्यंत संपलं.

दहाव्या सकाळी मी आंघोळ केली, देवाला फूल वाहिलं, उरलेलं तूप एकाच निरांजनात ओतलं आणि फुलवात लावली. लिहिणाराही आता माझ्याएवढाच लहान झाला होता. तो देवळाच्या पायरीवर बसला होता.

"दहावी चाल?"

"कोठार लिहा," मी म्हणाले.

त्याने लिहिलं. देवळाशेजारी कोठार उभं राहिलं, नवं, ऐसपैस. त्याचं दार उघडं होतं. आत कुणी नव्हतं आणि काही नव्हतं.

"दिवा शांत झाला की मी टेकडी लिहीन," तो म्हणाला. पेन्सिलीला त्याने टोक करून ठेवलं होतं.

निरांजनात तूप बोटभर उरलं, मग नखभर. मी देवाकडे बघितलं. देवाने काही सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. आयुष्य उणावलं तर उणावू दे, टेकडीपेक्षा थोड्या दिवसांचा माणूस बरा, असं मी ठरवलं. नेम मोडल्याचं पाप मला लागो, असा संकल्प करून तळहातावरून पाणी सोडलं. नाव चार अक्षरांचं होतं. एकतीस वर्षं रोज पूजेत मी ते मनात घेत आले होते, त्यामुळे ते विसरण्याचा प्रश्न नव्हता. मी देवळाच्या दारात उभी राहिले, पदर सारखा केला, न पाहिलेल्या बाजूकडे तोंड केलं आणि सगळा श्वास गोळा करून तोंड उघडलं.

"अहो," तोंडातून तेवढंच निघालं.

मागे निरांजनातली ज्योत विझण्याआधी मोठी झाली. तिचा उजेड अकरावी फरशी ओलांडून गेला, एकोणिसावी ओलांडून गेला, थेट शेवटपर्यंत गेला. तिथे टेकड्या होत्या. एकीमागे एक, शेकडो, सगळ्या आमच्याकडे पाठ करून बसलेल्या.

सगळ्यांनी माना वळवून माझ्याकडे बघितलं.