नऊ मीटरची गल्ली

"घट्ट धरा, मावशी. ढील दिलीत तर रस्ता उगीच रुंद होतो," टेपबाई नाल्याच्या कडेवरून म्हणाल्या.

"धरलंय हो. तुम्ही तेवढं नाल्यात पडू नका," समोरच्या भिंतीशी उकिडव्या बसलेल्या पाळणाघरवाल्या मावशींनी उत्तर दिलं.

टेपबाई पडणाऱ्यांतल्या नव्हत्या. पालिकेच्या नगररचना विभागात बावीस वर्षं त्या रस्ते, बोळ आणि कोपरे मोजत आल्या होत्या. त्यांचं खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं होतं. दुसरं टोक धरायला त्या खात्याचा शिपाई कधी नेत नसत. ज्या गल्लीची मोजणी, त्या गल्लीतलंच माणूस. एकदा मोजून झालं की टोकांची अदलाबदल करायची आणि पुन्हा मोजायचं, म्हणजे आकडा दोघांनीही डोळ्यांनी वाचलेला असतो. मग मोजणीच्या वहीत 'दुसरे टोक धरणारे' असा एक रकाना, जो त्यांनी स्वतःच आखला होता, त्यात त्या माणसाची सही घ्यायची. खात्यात यावरून थट्टा चाले. बाई रस्ता मोजायला जातात की सह्यांची मोहीम काढायला, असं लोक विचारत. बाई म्हणत, तुमचं काय जातंय?

टोकं बदलली. आता मावशी नाल्याच्या कडेला आल्या, चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि वाचलं, "सहा ऐंशी."

"माझंही सहा ऐंशीच आलं होतं."

गल्लीच्या शेवटी बंद पडलेल्या छापखान्याची जागा एका पार्सल कंपनीला हवी होती. तिथे गोदाम होणार, रोज चाळीस टेम्पो आणि बारा ट्रक येणार. नियम सरळ होता, ट्रक जाणार असतील तर रस्ता नऊ मीटर पाहिजे. कंपनीच्या अर्जात 'रस्ता नऊ मीटर' असं ठळक अक्षरांत होतं. गल्लीतल्या एकतीस जणांनी हरकती दिल्या, म्हणून साहेबांनी टेपबाईंना सांगितलं होतं, "जरा बघून या." पण नुसतं बघणं टेपबाईंना कधी जमलंच नव्हतं.

"माझ्याकडे सतरा लेकरं असतात," मावशी सही करता करता म्हणाल्या. "दार उघडलं की रस्ता. ट्रक आल्यावर त्यांना घेऊन मी उभं कुठे राहायचं? नाल्यात?"

"सुनावणीला या. हेच बोला."

"आम्ही बोलून काय होतं?"

"मोजून होतं," टेपबाई म्हणाल्या आणि टेप गुंडाळायला लागल्या.

कचेरीत परतताना त्या मनातून खूश होत्या. कंपनीनं धडधडीत खोटं लिहिलं होतं आणि ते त्यांनी अर्ध्या तासात पकडलं होतं. आता एवढंच बघायचं होतं की हा नऊचा आकडा कंपनीनं आणला कुठून. अर्जाच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'आधार : पालिकेची मोजणी वही', आणि पुढे पानाचा आकडा. त्यांनी मागच्या खोलीतलं कपाट उघडलं, धूळ झटकली आणि ते पान काढलं.

रस्त्याची रुंदी, नऊ मीटर. खाली सही. गोलगोल, नव्या नोकरीतली, प्रत्येक अक्षर सुटं काढलेली. सही त्यांचीच होती.

त्या कपाटाला टेकल्या. सगळं आठवलं. नोकरीला लागून तिसरा महिना होता. तेव्हाचे पर्यवेक्षक म्हणाले होते, "नाला पुढच्या महिन्यात झाकणारच आहेत. घे भिंतीपासून भिंतीपर्यंत." त्यांनी घेतलं. सहा ऐंशीचा रस्ता आणि दोन वीसचा नाला, मिळून नऊ. 'नाला झाकलेला धरून' एवढे तीन शब्द पुढे लिहायला हवे होते. ते लिहिले नाहीत. नाला आजतागायत उघडाच वाहत होता. ते पर्यवेक्षक केव्हाच वारले होते, आणि मेलेल्या माणसाच्या माथी खापर फोडण्याइतकं सोपं काही नसतं, पण पेन तर त्यांच्याच हातात होतं. बाईंचे कान तापले. बावीस वर्षांत त्यांच्या आकड्याला कुणी हात लावू शकलं नव्हतं, आणि यावर त्यांची जरा जास्तच मिजास होती.

साहेबांनी दोन्ही वह्या शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांना फक्त कुठल्याही कागदावरून आवाज झालेला खपत नसे.

"आजचं पान सध्या बाजूला ठेवा," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"नकाशात नऊ, नोंदीत नऊ. आपण मंजुरीत अट घालू, नाला झाकण्याच्या अटीवर परवानगी. कंपनी झाकून देईल. सगळे खूश."

"साहेब, मलाही तेव्हा हेच सांगितलं होतं. पुढच्या महिन्यात झाकणार म्हणून."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "बाई, सोमवारी पर्यवेक्षकांची यादी वर जातेय. तुमचं नाव पहिलं आहे. आणि तुम्ही सुनावणीत उभं राहून सांगणार की खात्याची नोंद चुकीची, तीही तुमचीच? झाकली मूठ सव्वा लाखाची असते."

"मूठ झाकलीय साहेब. नाला नाही."

"विचार करा," साहेब म्हणाले. "मी तुमच्या भल्याचंच सांगतोय."

ते खरंच भल्याचं सांगत होते, त्यामुळे बाईंना जास्त राग आला. पर्यवेक्षकाची जागा त्यांना हवी होती. उन्हातान्हात वाकून कंबर गेली होती. गेल्या चार वर्षांत ती खुर्ची दोनदा त्यांच्या शेजारून दुसऱ्याकडे सरकली होती, आणि दोन्ही वेळा तिच्यावर बसलेल्यांना टेप उलटा धरलाय की सुलटा हे कळत नव्हतं.

घरी नवरा डबा धूत होता. तो शहर बससेवेत ड्रायव्हर होता. पहाटे निघायचा आणि दुपारी परत यायचा, म्हणून संध्याकाळची भांडी त्याच्याकडे. बाईंनी पर्स ठेवली आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं.

"सहा ऐंशीत ट्रक?" त्यानं नळ बंद केला. "समोरून टेम्पो आला तर एकाला मागे घ्यावं लागणार. मागे घेताना ड्रायव्हरला लहान मूल दिसत नाही. आरशात नाहीच दिसत. मी रोज घाबरतो, तुला सांगत नाही."

"पण यादी सोमवारी आहे."

"असू दे की."

"असू दे काय? अहो, बावीस वर्षं झाली. लोक म्हणतील, बाईंनाही मोजता येत नाही."

तो हात पुसत बाकड्यावर बसला. त्याला भाषणं करता येत नसत, हॉर्न वाजवता येत असे. "चूक तुझीच आहे ना?"

"माझीच."

"मग ती तुझ्या मालकीची. ती कंपनी फुकटात वापरतेय, ते तुला चालतंय?"

रात्रीचं जेवण बाईंनी नेहमीपेक्षा पोटभर केलं, आणि हे नवऱ्याच्या लक्षात आलं.

सुनावणी तिसऱ्या दिवशी सकाळी होती. सभागृहात खुर्च्या कमी आणि माणसं जास्त. समितीच्या अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. कुणी मध्ये बोललं की त्या चष्म्यावरून नुसत्या बघत आणि समोरचा माणूस आपोआप गप्प होई. कंपनीचा आर्किटेक्ट पांढरेशुभ्र बूट घालून आला होता. त्यानं पडद्यावर नकाशा लावला. गल्ली त्यात अशी प्रशस्त दिसत होती की मावशींना क्षणभर वाटलं, ही दुसरीच कुठलीतरी आहे.

"रस्त्याच्या रुंदीबद्दल रहिवाशांची तक्रार आहे," आर्किटेक्ट गोड आवाजात म्हणाला, "पण आम्ही आमचा आकडा दिलेलाच नाही. हा खात्याचा स्वतःचा आहे. नऊ मीटर. खाली मोजणीदारांची सही आहे."

अध्यक्षांनी प्रत हातात घेतली. "ही सही कोणाची?"

साहेब खुर्चीतून अर्धवट उठले. "खात्याची नोंद आहे, मॅडम. त्यात एक अट घालून..."

"मी सही कोणाची विचारलं."

"माझी," टेपबाई मागच्या रांगेतून उठल्या. "सही माझी आहे आणि आकडा चुकीचा आहे. मी त्या दिवशी नाला रस्त्यात धरला होता. रस्ता सहा मीटर ऐंशी आहे. परवा मोजलाय."

सभागृहात कुजबुज झाली. साहेब खालच्या आवाजात म्हणाले, "बाई, बसा."

"नाही बसत, साहेब. हे इतिवृत्तात लिहून घ्या. माझ्या नावानिशी लिहा."

आर्किटेक्ट हसला. हुशार माणूस होता, फट कुठे आहे ते त्याला लगेच दिसलं. "माफ करा, पण ज्या एकदा चुकल्या त्या परवाही चुकल्या नसतील कशावरून?"

प्रश्न रास्त होता.

"चुकू शकते," त्या म्हणाल्या. "माझ्यावर विश्वास ठेवाच असं मी म्हणत नाही. म्हणून तर दुसरं टोक मी गल्लीतल्या माणसाला देते."

"मी धरलं होतं," मावशी उभ्या राहिल्या. "आणि आकडा मी वाचलाय. माझी सही आहे वहीत. मला वाचता येतं."

"हो, पण तुम्ही तर हरकत घेणाऱ्या," आर्किटेक्ट म्हणाला.

"मग तुम्ही धरा," टेपबाई म्हणाल्या. "गल्ली इथून सात मिनिटांवर आहे. टेप माझ्या पिशवीत आहे. चला."

अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं, मग चष्म्यावरून आर्किटेक्टकडे पाहिलं. "चला," त्या म्हणाल्या, आणि त्यानंतर प्रश्नच उरला नाही.

अशी वरात त्या गल्लीनं कधी पाहिली नव्हती. पुढे अध्यक्ष, मागे समिती, साहेब, एकतीस हरकतदार आणि त्यांच्या ओळखीचे आणखी तीसेक रिकामटेकडे. टेपबाईंनी भिंतीशी टोक धरलं आणि टेपची पेटी आर्किटेक्टच्या हातात दिली. तो मागे मागे सरकत गेला आणि नाल्याच्या कडेला येऊन थांबला.

"थांबलात का?" टेपबाईंनी विचारलं. "नऊ मीटर अजून झाले नाहीत. उतरा खाली, पलीकडच्या भिंतीला लावा."

नाल्यातून भाजीचे देठ आणि साबणाचा फेस वाहत होता. आर्किटेक्टनं आपल्या बुटांकडे पाहिलं. कुणीतरी हसलं, मग बरेच जण हसले.

"घट्ट ओढा आणि वाचा," बाई म्हणाल्या. "मोठ्यानं."

तो वाचेना. अध्यक्ष शेजारी जाऊन उभ्या राहिल्या, वर्गात फळ्याशी उभ्या राहत तशाच. शेवटी त्यानं वाचलं, "सहा... ऐंशी."

"आता टोकं बदला. दोघांनी वाचायचं असतं."

दुसऱ्यांदाही सहा ऐंशीच आलं. टेपबाईंनी वही उघडून रकान्यावर बोट ठेवलं. आर्किटेक्टनं सही केली. बिचाऱ्याची सही मात्र फार सुंदर होती.

अर्ज त्याच दुपारी फेटाळला गेला. पाळणाघराच्या दारात मावशींनी टेपबाईंचा हात दोन्ही हातांत धरला आणि तसाच धरून ठेवला. मग आत कुठलंतरी मूल रडलं आणि त्या लगबगीनं गेल्या.

सोमवारी यादी गेली. तिच्यात टेपबाईंचं नाव नव्हतं. पर्यवेक्षक झाला तो त्यांच्याच हाताखाली काम शिकलेला एक जण. त्याला टेप धरायला बाईंनीच शिकवलं होतं. तो पेढ्याचा पुडा घेऊन त्यांच्या टेबलाशी आला आणि मान वर करेना.

"अरे, बघतोस काय खाली? दे की," बाई म्हणाल्या आणि एक सोडून दोन घेतले. मग स्वच्छतागृहात जाऊन त्यांनी बराच वेळ तोंड धुतलं.

बुधवारी लेखी समज आली. नोंदीतल्या निष्काळजीपणाबद्दल. त्यांनी पोच दिली आणि एक प्रत पर्समध्ये ठेवली, नवऱ्याला दाखवायला. त्याच दुपारी साहेबांनी बोलावलं. टेबलावर ती जुनी वही होती आणि शेजारी पांढऱ्या शाईची बाटली.

"हे पान दुरुस्त करून टाका," साहेब म्हणाले. आवाजात राग नव्हता, उलट थोडा संकोच होता. "आधीचा आकडा पुसून त्यावर नवा घाला. कुणाला कळायचंही नाही."

टेपबाईंनी बाटली उचलून खिडकीत ठेवली. पेन काढलं. 'नऊ मीटर'वर एकच सरळ रेघ मारली, खालचं अक्षर न् अक्षर वाचता येईल अशी. वर लिहिलं, 'सहा मीटर ऐंशी. नाला रस्त्यात धरला होता. चूक माझी.' त्या गोलगोल जुन्या सहीखाली आजची सही केली, तारीख घातली.

"अहो बाई, हे तर दिसतंय सगळं," साहेब म्हणाले.

"दिसू द्या," त्या म्हणाल्या, आणि शाई वाळेपर्यंत वहीवर हात न ठेवता समोरच्या खुर्चीत ताठ बसून राहिल्या.