पाखरांच्या वाफ्याचं बी

खुळ्ळ! माळ्यावर उंदीर धावला आणि माझ्या पोटातला राळा हलला. सकाळपासून गप्प असलेल्या या घरात एवढाच काय तो आवाज.

मित्रांनो, मी एक जुना, वाळका भोपळा आहे, बी साठवायचा. पेठच्या डोंगरात, याच घराच्या छपरावरच्या वेलाला मी लागलो. भागीबाईने मला वाळवलं, पोखरलं, राखेत घोळलेलं राळ्याचं बी आत भरलं आणि तोंडाला चिंधीचा बोळा कोंबला. ते बी माणसांच्या ताटासाठी नव्हतं. रानाला लागून एक चिंचोळा वाफा ती दरसाल पाखरांसाठी पेरायची. बियाण्यापुरती कणसं खुडायची, बाकी उभं सोडायची.

"मका नको गं, डुकरं येतील नि भातात घुसतील," ती सुनेला, मोहिनीला सांगायची. "राळा बारीक, चिमणीच्या चोचीत मावतो. कडेला कुळीथ टाक, सशाला पाला होतो."

पाहुणे आले की मला कौतुकाने खाली काढायची. ती गेली, आणि मी माळ्यावरच राहिलो.

यंदा मोहिनीचा नवरा धनराज मालेगावकडे मजुरीला गेला होता. येताना मालकाकडचं उरलेलं बाजरीचं बी फडक्यात बांधून घेऊन आला. गुलाबी बी.

"आत्याबाई राळाच टाकायच्या," मोहिनी म्हणाली.

"पाखरं काय जावई हायेत, आवडनिवड इचारायला? हे आयतं हाय, हेच टाक."

"पण असला रंग कसा?"

"लगनाला चाललं असंल!"

ती हसली. मी वर भरल्या पोटाने बसलो होतो. कुणी मानसुद्धा वर केली नाही. त्यांच्या छोट्या आरोहीने काल आपल्या हाताने ते बी वाफ्यात फेकलं.

तो रंग किडीच्या औषधाचा होता. आज सकाळी वाफ्यात चिमण्या, मनोल्या आणि एक तितर मरून पडले होते. धनराजने खड्डा करून सगळी पुरली, आणि तेव्हापासून तो भिंतीकडे तोंड करून बसला आहे.

मित्रांनो, पाखरांसाठी पेराल तर आधी त्यांची चोच बघा. आपल्याला नको ते त्यांच्यापुढे टाकायचं आणि त्याला माया म्हणायचं, हे मला तरी कळत नाही.

मोहिनी अंगणात आरोहीचे हात साबणाने घासते आहे. धुतलेले पुन्हा धुते आहे. आरोही हात पुढे करून उभी होती. आता विचारते आहे,

"आई, त्यांच्या चोची कोण धुईल?"