पाचरीखालचा हिरवा खटका

मित्रांनो, मी एक जुना हिरवा खटका आहे. चाकणच्या एका लहान कारखान्यात पत्रा दाबणाऱ्या प्रेसवर मी बसलो आहे. कामगार मला बटण म्हणतात; म्हणू देत. माझा रंग मधोमध उडाला आहे आणि आतली स्प्रिंग ढिली झाली आहे. दिवसातून दोन हजार वेळा दबायचे आणि दोन हजार वेळा वर यायचे, यात कुणाचीही कंबर मोडेल.

आम्ही चौघे भाऊ. प्रेसच्या पुढे दोघे, मागे दोघे. पुढचा माणूस पत्रा आत ठेवतो, मागचा तयार पट्टी बाहेर काढतो. मग दोघांनी आपापले दोन्ही हात आमच्यावर ठेवायचे. चौघेही एकदम दबलो, तरच वरचा जड ठोकळा खाली येतो. म्हणजे तो येतो तेव्हा चारही हात बाहेर असतात. मशीन बनवणाऱ्याने एवढी एकच अट घातली. बाकी पंखा लावा, गाणी ऐका, गप्पा मारा, सगळी मोकळीक. पण माणसांना नेमकी ती एकच अट टोचते. का, ते मला आजवर कळलेले नाही.

माझ्या बाजूला, म्हणजे मागे, तनुजाताई काम करायची. बीडकडून आलेली, कमी बोलणारी. पुढे उभा राहायचा शांतवन. तो नगरकडचा, साधा माणूस. रविवारी चर्चमध्ये लहान मुलांना बायबलमधल्या गोष्टी सांगायचा. त्याच्याबद्दल वाईट बोलायला माझी जीभ रेटत नाही.

आमच्या दारात एक फळा आहे. सगळ्यात जास्त माल काढणाऱ्याचा फोटो दर महिन्याला त्यावर लागतो. शेखर नावाचा सुपरवायझर येता-जाता म्हणायचा, "हात जरा चालवा की राव! या महिन्यात तुमचाच फोटो लावू."

शांतवन हसून सोडून द्यायचा. पण पाणी प्यायला जाताना फळ्याकडे बघायचा. पुढे पुढे, तनुजाताई पट्टी काढून हात आमच्यावर ठेवीपर्यंतचा वेळ त्याला फार वाटू लागला. डबा खाऊन परतताना तो मागच्या बाजूने येऊ लागला. आधी नुसता माझ्याकडे बघायचा. मग एकदा मला अंगठ्याने दाबून पाहिले. आणि एक दिवस त्याने खिशातून लाकडाच्या दोन पाचरी काढल्या.

"तनुजा, तुझ्या बाजूला पाचर ठोकतो. तुला सारखं दाबायला नको."

"काही होणार नाही ना, दादा?"

"काही होत नाही. तासाभरानं काढू."

तिने मान हलवली. पाचरी आम्हा दोघा भावांवर घट्ट बसल्या आणि आम्ही दबलेलेच राहिलो. पहिल्या दिवशी तासाभराने खरेच निघाल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत राहिल्या. चौथ्या दिवशी त्या काढायच्या असतात हे कुणाच्या ध्यानातही राहिले नाही. शेखरने त्या पाहिल्या आणि मान दुसरीकडे वळवली. महिनाअखेरीस शांतवनचा फोटो लागला.

नुसते दबून राहण्यात आराम असेल, असे तुम्हाला वाटेल. मला मात्र लाज वाटत होती. मी दबलो की मशीन समजते, तनुजाताईचे हात बाहेर आहेत. अशी खोटी साक्ष मी दिवसभर देत होतो.

एका दुपारी एक पट्टी आत अडकली. ती सोडवायला तनुजाताईने हात घातला. शांतवनने सवयीने आपले दोन खटके दाबले. तिच्या दोन बोटांची पेरे गेली. याहून जास्त मी सांगणार नाही.

लोक तिला उचलून दवाखान्यात नेत होते, तेव्हा शांतवनने आधी पाचरी उपटून खिशात घातल्या. मग तो पत्र्याच्या थप्पीमागे जाऊन उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी चौकशीला बाहेरून साहेब येणार होते. शेखर हळूच शांतवनला म्हणाला, "पाचर तिनंच लावली होती म्हणायचं. तिची नोकरी जाईल, पण तुमचं-माझं निभावेल."

साहेब मशीनपाशी आले. त्यांनी माझ्यावरचे पाचरीचे वळ पाहिले. "पाचर कुणी लावली?"

"तनुजानं..." शांतवन म्हणाला आणि थांबला. त्याने खिशातून पाचरी काढून माझ्या शेजारी ठेवल्या.

"तिनं नाही, साहेब. मी लावली. मी रविवारी पोरांना सांगतो, पहिल्या माणसाला सगळी बाग दिली होती, फक्त एका झाडाचं फळ खाऊ नको म्हणून सांगितलं होतं. त्यानं खाल्लं. देव विचारायला आला तर लपला, आणि सापडल्यावर बायकोचं नाव पुढं केलं. पोरं हसतात. मीही हसायचो. काल मी त्या थप्पीमागं लपलो होतो, साहेब. आणि आत्ता तिचं नाव घेतलं."

"पाचर लावा असं कुणी सांगितलं होतं?"

शेखर जमिनीकडे बघू लागला.

"कुणी नाही. फोटो लागावा असं मलाच वाटत होतं. ते माझ्या आतूनच आलं. आमच्या चर्चमध्ये म्हणतात, त्या पहिल्या माणसापासून ही ओढ सगळ्यांच्यात उतरलीय. पण ते त्याच्यावर ढकलून मी सुटत नाही."

तनुजाताईची नोकरी वाचली. शांतवनचा फोटो उतरला आणि त्याला खोकी भरायच्या कामावर टाकले. दीड महिन्याने ती परत आली, तेव्हा तो मशीनपाशी येऊन उभा राहिला.

"तनुजा, माझी चूक झाली."

"मान मीपण हलवली होती, दादा," ती म्हणाली. "माझेही हात दुखत होते."

दोन माणसांनी पाठोपाठ आपापली चूक आपल्या अंगावर घेतलेली मी या शेडमध्ये पहिल्यांदाच पाहिली. मला भरून आले. शेखर जवळच उभा होता, त्याने आपला वाटा अजून कबूल केलेला नाही. त्याचे तो जाणे.

मित्रांनो, मी आता फार थकलो आहे. तुमच्याही घरात, शाळेत माझ्यासारखी एखादी नकोशी अट असेल. ती मोडायची इच्छा तुम्हाला होईल, कुणी न शिकवता होईल. तेव्हा ती अट कुणाचा हात वाचवण्यासाठी आहे, एवढे बघा. आणि मोडलीच, तर लपू नका.

शिफ्टची घंटा झाली. पुढे नवा माणूस आला आहे, मागे तनुजाताई. या, मला खुशाल दाबा. पण हाताने दाबा.