बंधनबाबांचा जांभळा पट्टा

"खोका!" बंधनबाबा गरजले, आणि सभागृहातल्या शंभरेक बायका एकसाथ खोकल्या.

"शिंका!" शिंकल्या.

"आता उड्या!" खुर्च्या थरथरल्या, पंखे डुगडुगले. माझी मावशी तर बेडकीलाही लाजवत होती.

"कुणाचा एक थेंब तरी सांडला?"

"नाही!" छप्पर उडायचंच बाकी राहिलं.

"आभाळ कितीही भरून येऊ दे, माझ्या हुकमाशिवाय थेंब पडणार नाही!"

हा सगळा चमत्कार म्हणे कमरेला बांधायच्या जांभळ्या पट्ट्याचा. खोकताना, हसताना लघवी निसटते ती जळक्या शेजारणीची नजर लागून, असं बाबांचं निदान. नियम दोनच. सभेच्या आदल्या संध्याकाळपासून पाण्याला शिवायचं नाही, आणि आत येण्याआधी मागच्या बाजूला जाऊन 'देह हलका' करायचा. मागच्या बाजूला संडास होता.

मावशी लाँड्रीत ओल्या चादरींचे गठ्ठे उचलायची. तीन बाळंतपणं झालेली, खोकला कायमचा पाहुणा. वर्षभर तिने लग्नं टाळली, बस टाळली. कारण फक्त मला ठाऊक. पट्टा मिळाल्यावर तिला स्वर्ग दोन बोटं उरला. तिने विचार केला, सभेतल्या परीक्षेला पाणी वर्ज्य, तर रोजच का नको? वाफेने कोंदलेल्या खोलीत दिवसभर काम, आणि घशाखाली जेमतेम घोटभर पाणी. शेवटी लघवीला आग होऊ लागली, थंडी वाजून ताप भरला आणि ती गठ्ठ्यावरच कोसळली.

"लघवीत जंतुसंसर्ग झालाय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पाणी कुणी बंद केलं?"

मावशीने लाजत पट्टा दाखवला. बाईंनी तो उलटसुलट केला. "साधं इलॅस्टिक आहे हो! पुढची सभा कधी?"

मावशी तापातून खडखडीत बरी झाल्यावर आम्ही तिघी सभेला गेलो. बाई उठल्या. "बाबा, ही ताई मागे जाऊन आलीय. पट्टा मात्र घरी आहे. ताई, मारा उड्या!"

मावशीने उड्या मारल्या, वर एक गिरकी घेतली. कोरडी ठणठणीत! सभा कुजबुजली.

"माझी कृपा अजून तिच्या अंगात आहे!" बाबांनी सावरलं.

"मग तुमच्यात तर समुद्रभर असेल," मावशी म्हणाली. "बांधा पट्टा, प्या पाणी, बसा आमच्यासमोर!"

बायकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. बाबांची पंचाईत झाली. एक तांब्या संपला, दुसरा आला. प्रवचन सुरू झालं. हळूहळू एका पायावर दुसरा पाय चढला, कपाळावर घाम आला, वाक्यं आखूड झाली.

"संयम म्हणजे... धीर म्हणजे... थांबा जरा!"

आणि बाबा धूम पळाले, मागच्या बाजूला! पट्टा दारातच सुटून पडला. बायका अशा हसल्या की निम्म्यांना त्यांच्यामागे धावावं लागलं, आणि त्याची कुणालाच लाज वाटली नाही.

सगळ्या परतल्यावर बाई म्हणाल्या, "पिशवी रिकामी असली की गळणार काय? एवढीच ती जादू. बाळंतपणात ओटीपोटाच्या तळाचे स्नायू ताणले जातात. पाळी गेल्यावर ते आणखी सैल होतात. त्यात वजन वाढलं, खोकला हटेना, पोट साफ होईना, रोज ओझी उचलली, की ताण वाढतच जातो. पाणी तोडू नका, त्याने आजार वाढतो. तपासून घ्या. बहुतेकींना व्यायामाने फरक पडतो, काहींना औषध किंवा शस्त्रक्रिया लागते."

मावशी ते स्नायू आवळायचा व्यायाम शिकली, तिने खोकल्यावर उपचार घेतले. चमत्कार झाला नाही. काही महिन्यांनी त्रास बराच कमी झाला, अजूनही कधीतरी होतो. परवा मात्र ती बसने लेकीकडे गेली.

नळ गळायला लागला की आपण प्लंबरला बोलावतो. नळाला नजर लागली म्हणून पट्टा बांधत नाही. बायांनो, स्वतःच्या शरीराला निदान नळाइतका तरी मान द्या.