अतियातचा काळा झगा

अतियातला पुरून एकोणीस दिवस झाले, आणि मसऊदा म्हैस कोणाला जवळ येऊ देईना; दूध सगळं पारडूच पीत होतं. देईल तरी कशी? नऊ वर्षं तिच्या सडांना दुसरा हात लागला नव्हता. नाईलच्या कालव्यावरच्या आमच्या गावात धार काढणं बायकांचं काम. पुरुषानं शेत बघावं, गोठ्यात नाक खुपसू नये. अतियातचा नवरा शेहाता, त्याला म्हशीचं तोंड कुठं नि शेपूट कुठं, एवढंच ठाऊक.

तो रडला नव्हता. लोक आले, सुतकाची बिनसाखरेची कॉफी पिऊन गेले. जेव म्हटलं की जेवायचा, ऊठ म्हटलं की उठायचा, जे विचाराल त्याला होय म्हणायचा. आत काही हलतच नव्हतं, आणि याची त्याला थोडी लाज वाटायची, तीही लांबून.

सोमवारी सून सनीया गोठ्यात शिरली. दाराशी खुंटीवर सासूचा काळा झगा होता, तो घालून जा, असं शेजारणींनी दहादा सांगितलेलं. पण मेलेल्या बाईचा झगा, तोही सुतकाचा चाळिसावा दिवस व्हायच्या आत? छे, अपशकून. गेली आपली गुलाबी कपड्यांत, मागून, मुकाट्यानं, आणि नेमकी म्हैस आणि पारडाच्या मधे उभी राहिली. मसऊदानं शिंगानं तिला भिंतीशी दाबलं. बरगडी मोडली, जीव वाचला हे नशीब.

अतियात जन्मभर सांगत आली होती. दारातूनच हाक द्या. पारडाच्या आड येऊ नका. आपल्यामागची वाट मोकळी ठेवा. आणि तोंड चालू ठेवा, म्हणजे तुम्ही कुठं आहात ते तिला कळतं. सगळ्यांनी ऐकलं, मनावर कोणी घेतलं नाही. बाई बोलतेच फार, असं घरात ठरूनच गेलं होतं.

सनीयाचा नवरा रदवान भडकला. म्हैस विकायची, बस्स. शेहाता होय म्हणाला. गुरुवारी दुपारी व्यापारी आला, दात बघितले, कास बघितली, आणि मग रिवाजाप्रमाणं बाईचा झगा मागितला, न धुतलेला. आमच्याकडं म्हैस अशीच जाते. जुन्या मालकिणीच्या वासाशिवाय नव्या बाईला ती उभी करत नाही. रदवाननं खुंटीवरून झगा काढलासुद्धा.

"झगा नाही," शेहाता म्हणाला.

इतक्या दिवसांत त्याच्या तोंडून पहिल्यांदा नाही आलं. रदवान झगा हातात घेऊन पुढं आला.

"बाबा, झग्याशिवाय हिला कोण नेईल?"

"मग राहू दे तिला इथंच."

"आणि धार? धार तुम्ही काढणार?"

शेहातानं त्याच्या हातातून झगा घेतला आणि सरळ डोक्यातून घातला. काखेत घट्ट झाला, बाह्या मनगटाच्या वर राहिल्या. बाजरीचं पीठ, धूर, घाम, वास सगळा तिचाच होता, पण त्यानंही त्याच्या आत काही हललं नाही. व्यापारी म्हणाला, "वा, नवरी नटली की!" कोणी हसलं नाही.

दारातच थांबून त्यानं हाक दिली. मसऊदानं डोकं खाली घातलं, शिंगं त्याच्यावर रोखली, फुस्स केलं. भिंतीच्या बाजूला न जाता तो दाराकडच्या मोकळ्या बाजूनं गेला, पारडाला दोन घोट पिऊ दिलं, मग तिला दिसेल असं तिच्या तोंडापुढं बांधलं. चरवी गुडघ्यांत धरून बसला. सडं ओढली तर थेंब नाही. म्हैस पान्हा चोरत होती.

तोंड चालू ठेवायला हवं. पण अतियात बोलायची तरी काय? रोज दोन वेळा, नऊ वर्षं, भिंतीपलीकडून तो आवाज येत होता, आणि त्यातला एक शब्द त्याला आठवेना. मसऊदानं मान वळवली, बाही हुंगली. एक शिंग त्याच्या कानापाशी आलं नि तिथंच थांबलं.

"मी आहे गं," तो म्हणाला. मग जे होतं तेच बोलला. "रदवानची आई गेली. सकाळी पीठ मळताना खाली बसली, ती उठलीच नाही. मी शेतात होतो. मला कोणी सांगितलं तेव्हा मी पाणी धरत होतो, आणि मी आधी वाफा पुरा भरला, मग आलो. का ते मला माहीत नाही."

हे त्यानं माणसांत कोणाला सांगितलं नव्हतं. बोटांखालची कास ऊन झाली, सैल पडली, आणि चरवीत पहिली धार वाजली. तो बोलत राहिला, पुन्हा पुन्हा तेच. मसऊदानं बाही हुंगणं सोडलं, मान वर केली आणि ती दाराकडं बघत राहिली, जिथून रोज अतियातची हाक यायची. हात न थांबवता शेहातानंही तिकडं बघितलं. दारात रदवान उभा होता. दुसरं कोणी नव्हतं.