मीटरमागे दोन सेंटिमीटर

वजनमापांच्या प्रयोगशाळेत बावीस वर्षं काढलेल्या माणसाला कौतुक करणं जड जातं. ताईचंही तसंच होतं. दुकानांतले तराजू, पेट्रोलपंपांची मापं, शिंप्यांच्या पट्ट्या, जे समोर येईल त्याच्यावर आधी संशय घ्यायचा, मग प्रमाण मापाशी ताडून पाहायचं आणि निघालेली चूक सहीनिशी लिहून द्यायची, हे तिचं काम. धाकट्या भावाकडेही तिने याच नजरेने पाहिलं होतं. तो वेगवान गोलंदाज. ताडमाड उंच आणि किडकिडीत, म्हणून घरीदारी सगळे त्याला काडी म्हणत.

काडीच्या कसोटी कारकिर्दीचे सरळ दोन तुकडे पडत. पहिल्या नऊ कसोट्यांत त्याने नऊशे धावा देऊन बारा बळी घेतले; म्हणजे एका बळीला पंचाहत्तर धावा. गोलंदाजाची सरासरी जितकी कमी तितकी चांगली, तेव्हा हा आकडा चारचौघांत सांगण्याजोगा नव्हता. त्याला संघातून डच्चू मिळाला. दोन वर्षांनी तो परतला आणि तिथून पुढे त्याने एकशे सतरा बळी साडेपंचविसाच्या सरासरीने घेतले. पण सरासरी काहीच विसरत नाही. ते जुने नऊशे प्रत्येक सामन्यात त्याच्या पाठीवर बसून आले. दर बळीगणिक ओझं थोडं हलकं होई, उतरत मात्र नसे.

आता चाळिसावी आणि अखेरची कसोटी पाचव्या दिवसात आली होती. आदल्या दिवसअखेर एकशे एकोणतीस बळी, तीन हजार आठशे चौऱ्याऐंशी धावा. सरासरी तिसाच्या किंचित वर. "तिसाच्या आत राहून निवृत्त व्हायचंय, ताई," तो महिनाभर म्हणत होता. "बाकी काही नको." हिशेब सोपा होता. आणखी पंधरा धावांच्या आत एक बळी मिळाला की झालं.

त्या नऊ कसोट्यांचं निदान तेव्हा सर्वांनी एकमुखाने केलं होतं. सरावात काडीचा पाय कधी रेषेपुढे पडत नसे. सामन्यात मात्र नो-बॉलमागून नो-बॉल. प्रशिक्षकाने शेवटची ढांग आखडायला लावली, तेव्हा नो-बॉल कमी झाले, पण वेगही गेला, आणि फलंदाजांनी त्याला धू धू धुतला. सरावात ठीक आणि सामन्यात चूक, म्हणजे पोरगा कच खातो. ताईने तर दोन्हींचा आलेख काढून त्याला पाठवला होता. खाली लिहिलं होतं, 'दोष मनाचा.'

काल आईने कपाटातून काडीची रनअप मोजायची जुनी कापडी फीत काढून ताईच्या पर्समध्ये कोंबली. "पहिल्या कसोटीला मीच गरम पाण्यात धुऊन, इस्त्री करून दिली होती. चिखलाने नुसती माखली होती. उद्या असू दे बरोबर. शुभ आहे ती."

ताईचा शुभावर विश्वास नव्हता, मापावर होता. दुपारच्या सुट्टीत तिने निव्वळ सवयीने फीत प्रयोगशाळेच्या मेजावर ताणली. फितीवरचा एक मीटर अठ्ठ्याण्णव सेंटिमीटर भरला. तिने पुन्हा मोजलं. मग पुढच्या मीटरवर, मग मधल्या. सगळीकडे तेच. ती खुर्चीत बसली. सरावाच्या जागी रनअपची खूण पोलादी टेपने मोजून रंगवलेली होती. सामन्याच्या मैदानावर काडी आपल्या फितीने अठरा मीटर मोजायचा, आणि पडायचे सतरा मीटर चौसष्ट. पावलं तितकीच, जागा कमी. पाय रेषेपुढे पडणार नाही तर काय?

सकाळी संघाच्या हॉटेलात नाश्त्याच्या टेबलावर तिने बोलायला सुरुवात केली. "फीत आटलीये. मीटरमागे दोन सेंटिमीटर. अठरा मीटरला छत्तीस. तुझे ते सगळे नो-बॉल..."

"छत्तीस का?" काडी टोस्टला लोणी फासत म्हणाला. "मी सव्वा फूट धरला होता. जवळ जवळ बरोबर आलं की."

ताईने कप खाली ठेवला. "तुला माहीत होतं?"

"संघातून काढल्यावर कळलं. क्लबच्या मैदानावर एकटाच होतो. सहज या स्टंपापासून त्या स्टंपापर्यंत ताणून बघितली. वीस मीटर बारा यायला हवं, आलं वीस त्रेपन्न. खेळपट्टी थोडीच आटते?"

"आणि तू गप्प बसलास! जग भित्रा म्हणत होतं. मीसुद्धा म्हटलं."

"तू तर लेखी दिलंस. आलेखासकट."

"अरे, सांगायचंस ना मग!"

"कुणाला सांगू? आईला? तुझ्या बादलीत माझ्या नऊ कसोट्या बुडाल्या, असं सांगू तिला?" तो हसला. "आणि सगळं काही फितीच्या माथी मारू नकोस. बाराचे वीस बळी झाले असते. पन्नास नसते झाले. कच्चाच होतो मी तेव्हा."

ज्याला ती आयुष्यभर मोजत आली होती, त्याने जगात कुठेही न बदलणारं एक प्रमाण शोधून स्वतःचं माप तपासलं होतं, त्यातली चूक काढली होती, आणि त्या चुकीच्या माथी किती मारायचं याचीही मर्यादा घालून दिली होती. फक्त अहवाल कुणाला दिला नव्हता.

अकरा वाजता ती आईशेजारी प्रेक्षकांत बसली होती. प्रतिस्पर्ध्यांना तीस धावा हव्या होत्या आणि दोन गडी शिल्लक होते. काडीने अकरा धावा दिल्या आणि एकाची मधली यष्टी उखडली. एकशे तीस बळी. ताईने मनात भागाकार केला: एकोणतीस पूर्णांक शहाण्णव. हव्या होत्या आता एकोणीस. षटक संपलं. दुसऱ्या टोकाचं षटक निर्धाव गेलं. काडीच्या पुढच्या षटकाच्या आधी कर्णधार चेंडू मागायला हात पुढे करत त्याच्याकडे आला. आता थांबलास तर तिसाच्या आत, हे लांबूनही कळत होतं. काडीने मान हलवली, चेंडू शर्टावर घासला आणि तो पावलं मोजत मागे निघाला.

"काय म्हणाला गं तो?" आईने विचारलं.

"टाकतो म्हणाला."

पहिला चेंडू बॅटची कड घेऊन सीमेपार गेला. दुसराही. तीस पूर्णांक शून्य दोन. पुढचे चारही चेंडू फलंदाजाच्या बॅटला चुकवून, छातीजवळून, कोपराजवळून सणसणत गेले. वेग, दिशा, टप्पा, या शब्दांनी ताई जे मोजत आली होती, ते या क्षणी त्या शब्दांत मावत नव्हतं. कोंडून घुसमटलेल्या त्या फलंदाजाने पुढच्या षटकात, दुसऱ्या गोलंदाजाला, आंधळा फटका मारला आणि चेंडू उंच उडून कर्णधाराच्या हातात विसावला. सामना जिंकला.

फलकावर कारकिर्दीचा आकडा झळकला: ३०.०२.

"हे चांगलं की वाईट?" आईने डोळे पुसत विचारलं.

ताईने आयुष्यात पहिल्यांदा एका आकड्याकडे संशय न घेता पाहिलं. "चांगलं," ती म्हणाली. "खूप चांगलं."

आईने तिच्या पर्समधून फीत काढली, मांडीवर ठेवून हलकेच सरळ केली. "बघ, फळली की नाही? घरी गेल्यावर परत एकदा धुऊन ठेवते."

"ठेव," ताई म्हणाली, आणि तिने फितीचं दुसरं टोक घडी घालायला हातात घेतलं.