तिसरी मुदत

थोरलीने संस्था काढली तेव्हा संस्था म्हणजे तिच्या बाहेरच्या खोलीत उभी असलेली सासऱ्यांची चाकांची खुर्ची. सासरे गेले, खुर्ची राहिली. शेजाऱ्याचा पाय मोडला, त्याने ती मागितली. मग कुणी कुबड्या आणून दिल्या, कुणी पलंग. त्या काळी अर्ज नव्हता की अनामत नव्हती. थोरली समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघायची आणि वस्तू द्यायची. आता संस्थेला स्वतःची जागा होती, गोदाम होतं, सात जणांची कार्यकारिणी होती आणि पगारी व्यवस्थापक होती. ती पूर्वी इस्पितळात परिचारिका होती, म्हणून सगळे तिला सिस्टर म्हणत.

आणि धाकटी जाऊ होती.

नोकरीतून निवृत्त झाल्यावर ‘ताई, मलाही काहीतरी काम द्या’ म्हणत ती आली आणि थोरलीनेच तिला समितीवर घेतलं. आपल्या हाताने पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच. पहिले काही महिने धाकटी तोंडातून शब्द काढत नव्हती. मग एका बैठकीत मऊ आवाजात म्हणाली, समितीने धोरण ठरवावं, हिशोब तपासावा. सामान देण्याघेण्यात आपण कशाला नाक खुपसायचं? ते सिस्टरचं काम. गोदामाची किल्लीही एकट्या सिस्टरकडे असावी, म्हणजे काही चुकलं तर विचारायचं कुणाला, ते ठाऊक असेल. खजिनदार उभ्या जन्मात थोरलीला कधी ‘वा’ म्हणाला नव्हता. धाकटीला म्हणाला. तो ‘वा’ थोरलीच्या घशात काट्यासारखा रुतून बसला.

तसा हा काटा जुनाच. सासूबाई पडद्याची शिवण उलटी करून बघायच्या आणि म्हणायच्या, “धाकटीच्या हाताला वळण आहे हो.” शिवण थोरलीची असली तर काहीच म्हणायच्या नाहीत. चाळीस वर्षं झाली, सासूबाईही गेल्या, पण ते न बोललेलं थोरलीला अजून ऐकू यायचं.

त्या दिवशी बैठकीत अध्यक्षपदाचा विषय होता. सलग दोनच मुदती, हा नियम थोरलीनेच आणलेला. पहिले अध्यक्ष बैठकीत घोरायचे आणि तरी खुर्ची सोडायचे नाहीत, म्हणून. आता तोच तिच्यावर आला होता. मात्र समितीला वाटलं तर एक मुदत वाढवून देता येत होती. नाहीतर धाकटी. शिवाय ज्याचा विषय त्याने बाहेर बसायचं, ही शिस्तही थोरलीचीच. खजिनदाराच्या भाच्याचा टेम्पो भाड्याने घ्यायचा होता तेव्हा घालून दिलेली. तेव्हा दोघी जावा दाराबाहेरच्या बाकावर येऊन बसल्या. आत पाच जण आणि इतिवृत्त लिहायला सिस्टर.

“तुला हवंय ना गं अध्यक्षपद?” थोरलीने विचारलं.

“नाव सुचवलं गेलं, मी नको म्हटलं नाही.”

“म्हणजे हवंय.”

“हवंय, ताई.” धाकटी शांतपणे म्हणाली. “तुम्हालाही हवंय. त्यात लपवायचं काय?”

एवढं सरळ उत्तर आल्यावर पुढे भांडता येईना, म्हणून थोरलीला आणखीच राग आला.

इतक्यात जिना चढून एक माणूस आला. धाप लागलेली. त्याची आई अंथरुणाला खिळली होती, पाठीला जखमा झाल्या होत्या, डॉक्टरने हवेची गादी आणायला सांगितली होती. धाकटीने “बसा” म्हटल्याबरोबर तो उजळला. “तुम्हीच ना मॅडम? आवाजावरून ओळखलं! फोनवर किती नीट समजावून सांगितलंत!”

थोरली तिथेच बसली होती. संस्था काढणारी. तिच्याकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही.

“सिस्टर बैठकीत आहेत,” धाकटी म्हणाली. “दहा मिनिटं थांबा. सामान त्याच देतात.”

“आई एकटी आहे हो, मॅडम. खाली टॅक्सी थांबवलीय.”

“मग मी त्यांना बाहेर बोलावते,” म्हणत धाकटी उठायला लागली, पण थोरली आधीच उभी राहिली होती. “माणूस अडलाय आणि ही बैठका सांगतेय! चला हो माझ्याबरोबर.” पर्समध्ये गोदामाची दुसरी किल्ली होती. ठराव झाला त्या दिवशी तिने एकच परत केली होती.

खिडकीजवळच्या फळीवरची गादी तिने स्वतः काढून दिली. पंपही दिला. माणसाचे डोळे भरून आले. “देवासारख्या भेटलात,” तो म्हणाला, आणि थोरलीने मान वळवून पाहिलं, धाकटीपर्यंत ऐकू गेलं की नाही.

टॅक्सी गेल्यावर ती बाकावर येऊन टेकली. अंग कसं हलकं झालं होतं.

“ताई, कुठली दिलीत?”

“खिडकीजवळची.”

“लाल दोरा होता का तिला?”

“होता. सोडता सोडता नखं मोडली माझी.”

धाकटीने डोळे मिटले. “लाल दोरा म्हणजे गळकी. दुरुस्तीला जायची होती. सिस्टरनी नवीन पद्धत लावलीय.”

ती म्हातारी तासाभरात पुन्हा कडक पलंगावर येणार होती.

तेवढ्यात दार उघडलं. खजिनदार हसत बाहेर आला. “ताई, आत चला! एकमताने! आणखी एक मुदत तुमचीच!”

सगळ्यांत आधी टाळ्या वाजवल्या त्या धाकटीने. मग थोरलीच्या कानाशी वाकून ती म्हणाली, “मी सिस्टरना सांगून दुसरी गादी पाठवते. बाकी कुणाला कळायचं कारण नाही.”

ती हे मनापासून म्हणत होती, आणि तेच सहन होणारं नव्हतं. प्रत्येक बैठकीत समोर हा चेहरा, सगळं माहीत असलेला, काहीच न बोलणारा. शिवाय वर मोठेपणाही तिचाच! जळून खाक झाले तरी चालेल, थोरलीने मनात म्हटलं, पण हिच्या उपकारात राहायची नाही.

ती आत गेली आणि उभ्याउभ्याच बोलली. “मुदत नको. किल्ली मी लपवून ठेवली होती. आत्ता त्याच किल्लीने गोदाम उघडून मी एका आजारी बाईला गळकी गादी दिली. लिहा सिस्टर, आणि लिहून झालं की चांगली गादी काढा.”

खजिनदाराचं तोंड उघडंच राहिलं. “अहो, पण का?”

“ते विचारू नका,” थोरली म्हणाली. “हिचं नाव लिहा तिथे.”

गादी घेऊन तिघी टॅक्सीने गेल्या. माणसाच्या घरी गादी हवा जाऊन बसली होती आणि म्हातारी कण्हत होती. सिस्टरने तिला अलगद कुशीवर घेतलं, मुलाने गादी बदलली, धाकटीने पंप लावला. हवा भरत गेली तशी म्हातारीच्या कपाळावरची आठी सैल झाली.

“तुमच्यात मुख्य कोण गं?” तिने विचारलं. “तोंड तरी बघू दे.”

मुलाने थोरलीकडे बोट दाखवलं. “या, आई. यांनीच दिली.”

नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. धाकटी पंपाच्या नळीकडेच बघत होती.

“मी नाही,” थोरली म्हणाली. शब्द औषधासारखे कडू लागले. “ही. माझी धाकटी जाऊ.”

म्हातारीने धाकटीला डोळे बारीक करून वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “ही? लहान दिसते हो.”

“लहानच आहे,” थोरली चटकन म्हणाली, आणि दिवसभरात पहिल्यांदा तिला जरा बरं वाटलं.